एक्केचाळीस करंगळ्या

बावीस वर्षं केतकी होनरावने ज्या नावाची वाट पाहिली होती, ते तिला जूनमधल्या एका सोमवारी प्रवेश-अर्जातल्या 'आईचे माहेरचे नाव' या रकान्यात सापडलं. ऋजुता सुभाष ढवळे. केतकीने नाव तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मग शिपाईमावशींना चहा सांगितला, आणि साखर जरा जास्तच घाला म्हणाली.

मुलीचं नाव रेवा बागल. इयत्ता सातवी. वडिलांची बदली झाली म्हणून सोलापूरहून बार्शीत आलेली. फोटोतल्या हनुवटीवर आईची खळी जशीच्या तशी उतरली होती. बारा वर्षांच्या पोरीने आपलं काय वाकडं केलं, असा प्रश्न एखाद्या भल्या बाईला पडला असता. केतकीला तो पडला नाही. ती चहा पीत त्या खळीकडे बघत राहिली.

सौ. कमळजाबाई उंबरे कन्या प्रशालेत केतकी 'सोबत-समन्वयक' होती. हे पद सगळ्या शाळांत आलं त्याला पाच वर्षं झाली होती. त्यामागे एक शोध होता. काही संशोधकांनी वीस हजार मुलांच्या मनगटांवर वर्षभर पट्ट्या बांधल्या. पट्टी नाडी मोजायची, कातडीवरचा घाम मोजायची आणि शेजारची पट्टी किती अंतरावर आहे ते ओळखायची. बोलणं ऐकत नसे. त्यातून असं दिसलं, की ज्यांचं जमतं अशी दोन मुलं शेजारी बसली की पाचेक मिनिटांत त्यांच्या नाडीचे चढउतार एकमेकांच्या मागोमाग जाऊ लागतात. या जुळण्याला त्यांनी 'ताल' म्हटलं. आणि जे मूल पुढे नैराश्यात गेलं, त्याचे ताल सात-आठ आठवडे आधीपासून एकेक करून तुटत आलेले होते. मन खचल्याचं डॉक्टरांना कळण्याच्या कितीतरी आधी ते पट्टीला कळत होतं.

गाडं उलट्या बाजूनेही चालायचं. खचलेलं मूल आपणहून मागे सरे, ते गप्प गप्प दिसलं की बाकीची टाळत, आणि टाळल्यामुळे ते आणखी खचे. मात्र एक गोष्ट संशोधकांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवली होती. एक ताल जरी पक्का असला, एकच मैत्रीण जरी खरी असली, तरी मूल सहसा तळाला जात नाही.

म्हणून मग 'पंगत' नावाची प्रणाली आली. तिच्या हिशोबाने प्रत्येक मुलीला शून्य ते शंभर असा एक सोबतांक मिळे. डब्याच्या सुट्टीत सहाजणींनी कोंडाळं करून बसायचं, आणि आज कुठल्या कोंडाळ्यात बसायचं त्याचा आकडा मुलीच्या पट्टीवर उजळायचा. जिचा अंक घसरतोय तिला प्रणाली हळूच अशा मुलींत बसवी, जिथे तिचा ताल जुळेल. अंक चाळिसाच्या खाली गेला, तर समन्वयकाला सूचना जाई. तिने चौदा दिवसांत काही केलं नाही, तर थेट पालकांना. यंत्राला सगळंच कळत नाही, म्हणून पंगत हाताने बदलायची मुभा समन्वयकाला होती. फक्त कारण लिहावं लागे.

चांगली सोय होती. पोरी हसत होत्या, जेवत होत्या. बावीस वर्षांपूर्वी असलं काही नव्हतं.

तेव्हा याच शाळेत, याच सातवी 'ब'मध्ये केतकी म्हेत्रे नावाची दमेकरी मुलगी होती. पाचवी-सहावी तिची मजेत गेली. ती ऋजुता ढवळेच्या शेजारी बसायची, आणि ऋजुताच्या शेजारी बसणं म्हणजे वर्गात मानाचं पान होतं. सातवीत स्नेहसंमेलनाच्या समूहनृत्यात केतकीचा दमा उसळला. ती मध्येच मटकन खाली बसली, फ्रॉकच्या खिशातून औषधाचा पंप काढून ओढू लागली, आणि वर्गाचा पहिला नंबर गेला. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'पंप' पडलं. तिसऱ्या दिवशी ऋजुताने मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला रांगेत उभं केलं.

कट्टी एकतर्फी होत नाही. समोरचीने करंगळी पुढे करायची, आपण आपली तिला टेकवायची, तेव्हा ती पक्की. केतकीने टेकवली. एकामागून एक, एक्केचाळीस वेळा. नाही म्हणता येतं हे तिला सुचलंच नाही. त्या दिवसापासून एप्रिल संपेपर्यंत वर्गातली एकही मुलगी तिच्याशी बोलली नाही. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, वही फाडली नाही. बाईंना सांगणार काय? ती सायकल-स्टँडच्या ओट्यावर बसून डबा खायची, मग नुसता उघडायची, मग उघडेनाशी झाली. आठवीचं वर्ष तिने घरात भिंतीकडे तोंड करून काढलं. आई मीठ-मोहऱ्या ओवाळत राहिली. शेवटी वडिलांनी सोलापूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि केतकी उठून बसली. पण डूख धरूनच उठली.

आता तिने पडद्यावर रेवा बागलचं नाव उघडलं आणि 'हाताने बदल' यावर बोट ठेवलं.

काम अगदी सोपं होतं. पाचजणींचा ताल घट्ट जमलेला आहे अशी कोंडाळी तिने शोधून काढली, आणि रोज त्यातल्या वेगळ्या एकात रेवाला सहावी म्हणून बसवलं. पाचजणी आपापसात हसायच्या, एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. सहावी बघत बसायची. उद्या पुन्हा नव्या पाचजणी. कुणाशी चार शब्द जुळायच्या आत जागा बदललेली. कारणाच्या रकान्यात केतकीने लिहिलं, 'नवीन विद्यार्थिनीच्या सर्वांशी ओळखी व्हाव्यात.' मुख्याध्यापिकांनी ते वाचून तिचं कौतुक केलं.

जूनअखेर रेवाचा अंक एकाहत्तर होता. जुलैच्या मध्याला अठ्ठावन्न. ऑगस्टमध्ये सत्तेचाळीस. सकाळी आल्या आल्या केतकी आधी तो आकडा बघे आणि मग पर्स खाली ठेवी. सांगायला लाज वाटावी असं सुख होतं ते, पण सुख होतं. कित्येक वर्षांत तिला इतकी भूक लागली नव्हती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रेवा पंगतीत जाईनाशी झाली. पट्टीवर आकडा उजळायचा, ही डबा घेऊन नाहीशी व्हायची. केतकीने शाळेच्या नकाशावर तिच्या पट्टीचा ठिपका शोधला आणि जागची उठलीच. पोरगी सायकल-स्टँडच्या ओट्यावर होती.

नुसत्या आकड्यावर केतकीचं समाधान होईना. तिला डोळ्यांनी बघायचं होतं. ऋजुता ढवळेची लेक त्याच ओट्यावर एकटी कशी गिळते, ते तिला जवळून हवं होतं. स्टँडमध्ये आता विजेच्या सायकली चार्ज होत. त्यांचे प्लग तपासायचं निमित्त काढून ती गेली.

रेवाने डबा मांडीवर ठेवला होता आणि भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून ती ते डब्यातच रचत होती. खात नव्हती. हा खेळ केतकीला पाठ होता. हे बघून आपल्याला आनंदच होतोय, असं तिने ठरवून टाकलं.

"मॅडम, जेवलात?" रेवाने विचारलं.

"नाही अजून."

"मग घ्या की. शेंगाची चटणी आहे. दही पण आहे."

नको, म्हणायला केतकीने तोंड उघडलं. पण लहान मूल हात पुढे करून घास देतंय आणि आपण नको म्हणायचं, हे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिने तुकडा घेतला. चटणी झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं. रेवा हसली आणि दह्याची डबी पुढे सरकवली.

"आमची आजी म्हणते, चटणी खाऊन रडत नाही तो सोलापूरचाच नाही."

बघायला गेलेली बाई जेवून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, अजून नीट बघून झालं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःचा डबा नेला. रेवा बडबडी निघाली. सोलापूरची मैत्रीण, मांजर, गणितातले अपूर्णांक, सगळं तिने केतकीला ऐकवलं. एके दिवशी तिच्या डब्यात अंबाडीची भाजी होती.

"आई ही भाजी घरात आणूच देत नाही," रेवा म्हणाली. "आजी आलीये म्हणून मिळाली. आईला वासच सहन होत नाही म्हणे."

"मलाही नाही आवडत," केतकी म्हणाली, आणि तरी दोन घास खाल्ले.

या दिवसांत सकाळचा आकडा बघायचा राहूनच गेला होता. पुढच्या सोमवारी तिने तो बघितला. बावन्न. आधी तिला वाटलं, यंत्र बिघडलं. मग तिने रेवाच्या तालांचा नकाशा उघडला. वर्गातल्या एकाही मुलीकडे रेघ जात नव्हती, ते ठीक होतं. पण एक जाडजूड, ठसठशीत रेघ वर्गाबाहेर जात होती. समन्वयकाच्या पट्टीकडे. शाळेत सगळ्यांच्याच हातात पट्टी असे, केतकीच्याही होती. रोज पंचवीस मिनिटं दोघींची नाडी एकमेकींच्या मागोमाग धावत होती, आणि त्या एका तालावर पोरगी वर येत होती.

केतकीला स्वतःचा असा संताप आला, की तिने मनगटावरची पट्टी ओरबाडून टेबलावर आपटली. बावीस वर्षांनी आलेली उट्टं काढायची संधी तिने दोन घास चटणीवर घालवली होती. आणि तिची नाडी? तिला कुणी सांगितलं होतं जुळायला?

उपाय सरळ होता. जायचं नाही.

मंगळवारी ती गेली नाही. बुधवारी खिडकीतून पाहिलं. रेवाने ओट्यावरची शेजारची जागा रुमालाने पुसून ठेवली होती. गुरुवारीही पुसली. शुक्रवारी पुसली नाही. कधी जवळच न आलेल्या माणसापेक्षा जवळ येऊन सोडून गेलेलं माणूस जास्त खोल नेतं, हे संशोधकांच्या कागदात नव्हतं, पण पडद्यावर दिसत होतं. बावन्नचे पंचेचाळीस झाले, पंचेचाळिसाचे छत्तीस. शनिवारी एकतीस. चौदा दिवसांची वाट बघायला केतकी तयार नव्हती. तिने आपणच पालकांना बोलावणं धाडलं. आता तिला आई हवी होती.

सोमवारी ऋजुता आली. अंगाने भरलेली, केस अर्धे पिकलेले, साधी सुती साडी. पदराच्या टोकाशी बोटं चाळवत ती खुर्चीच्या कडेवर बसली. केतकीने हा क्षण इतक्यांदा मनात रंगवला होता, की समोरची बाई तिला त्या मानाने फारच लहान वाटली.

"मॅडम, पोरगी रात्री झोपत नाही," ऋजुता म्हणाली. "काल म्हणाली, मी नसले तरी कुणाला कळणार नाही. बारा वर्षांचं लेकरू हो. तिला कुणी काय बोललं का? मारलं का?"

"कुणी काही बोलत नाही तिच्याशी. तेच तर."

"मी पण याच शाळेची. सातवी 'ब'. आमच्या टायमाला असलं काय नव्हतं बघा. सगळ्या मिळून मिसळून असायचो."

केतकीने पडदा तिच्याकडे वळवला. रेघा, आकडे, तारखा. "ही पंगत रोज कोण बदलतं, माहीत आहे? मी. जूनपासून. दोन महिने मी तिला एका जागी रुजू दिलं नाही. आणि तरी तिला एकच सोबत मिळाली. तीही मीच. मग तीही मी काढून घेतली."

ऋजुताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "का? माझ्या लेकरानं काय घोडं मारलं तुमचं?"

"तिने नाही. तू. मला ओळखलं नाहीस?"

ऋजुता तिच्याकडे टक लावून बघत राहिली. घाबरलेल्या माणसाचे डोळे जसे इकडून तिकडे पळतात, तसे तिचे पळत होते. "आठवतंय," ती घाईघाईने म्हणाली. "आठवतंय मला. चुकले मी. लहान होते, अक्कल नव्हती. पण पोरीला सोडा."

"खोटं बोलू नकोस. काय नाव ठेवलं होतं तुम्ही माझं? सांग."

मग ऋजुता अगदी हळू बोलली. "अंबाडी?"

केतकीला हसूच आलं, कडवट. "अंबाडी मी नव्हे."

"नव्हे," ऋजुता म्हणाली, आणि आता तिने पहिल्यांदा केतकीचा चेहरा नीट पाहिला. डोळे, मग ओठ, मग खिशातून डोकावणारा औषधाचा पंप. "तू म्हेत्र्यांची. पंप. केतकी." ती मागे टेकली. "होय, तुझ्याशीही घेतली होती कट्टी. आठवलं. पण अंबाडी हे नाव तर तूच ठेवलं होतंस की."

"मी?"

"सहावीत. ती रोज अंबाडीच आणायची डब्यात, दुसरं काही नसायचं त्यांच्याकडे. तू वास घेतलास आणि म्हणालीस, आली अंबाडी. सगळा वर्ग हसला. मग आपण रांग लावली. पहिली करंगळी माझी, दुसरी तुझी. माझ्या शेजारीच बसायचीस तू." ऋजुताचा आवाज फाटला. "मी काही सज्जन आहे असं नाही म्हणत. पण ती भाजी माझ्या घशाखाली आजही उतरत नाही."

केतकी नाही म्हणणार होती. शब्द ओठांवर होते, आणि तेवढ्यात तिला तो आंबट वास आला, डब्याचं पोचे आलेलं झाकण दिसलं, तेल लावून चप्प बसवलेले केस दिसले. आपण म्हटलेलं ऐकू आलं. वर्ग हसला होता, ऋजुताने तिच्या पाठीवर थाप मारली होती, आणि तिला किती बरं वाटलं होतं. मानाचं पान तिला कशाबद्दल मिळालं होतं, ते आता तिला आठवलं.

"तिचं खरं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"तुला तेही आठवत नाही?"

हेच वाक्य, याच आवाजात, ऋजुताच्या तोंडावर फेकायला केतकी बावीस वर्षं जगली होती.

"ऊर्मिला," ऋजुता म्हणाली. "ऊर्मिला थिटे. दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. मोठेपणी मी शोधलं तिला. दोन गावं फिरले. नाही सापडली."

बाहेर डब्याच्या सुट्टीची घंटा झाली. पाचशे पोरींचा कल्ला उसळला. ऋजुता उठून उभी राहिली. "मी तक्रार करणार आहे तुझी. तुला सोडणार नाही मी."

"कर. अर्ज याच यंत्रात आहे, मी काढून देते," केतकी म्हणाली. "पण आधी आजची पंगत बदलू दे."

तिने रेवाच्या नावापुढचे हाताने केलेले सगळे बदल काढून टाकले. यंत्राने क्षणभर विचार करून तीन आकडा दिला. त्या कोंडाळ्यात दोन मुली अशा होत्या, ज्यांचा अजून कुणाशीच धड ताल नव्हता. बदलाचं कारण विचारणारा रकाना उघडला. 'नवीन विद्यार्थिनीच्या' इथपर्यंत बोटं सवयीने चालली. तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'आधीचे बदल मी सूडापोटी केले होते.' खाली नाव घातलं, कंसात माहेरचं आडनावही. ते मुख्याध्यापिकांकडे गेलं. मग तिने तक्रारीचा अर्ज ऋजुतासमोर उघडून ठेवला आणि ती स्टँडकडे निघाली.

रेवा ओट्यावर होती. पट्टीवरचा तीनचा आकडा उजळला होता, तिने त्यावर बाही ओढून घेतली होती. डबा बंद. केतकी शेजारी बसली तरी तिने मान वळवली नाही.

"पाच दिवस तुम्ही आला नाहीत," रेवा म्हणाली.

"हो."

"कामात होता?"

केतकीला हो म्हणता आलं असतं. "नाही. मुद्दाम आले नाही."

रेवाने डबा बाजूला ठेवला. मग तिने उजवा हात लांब केला. चार बोटं मिटलेली आणि करंगळी पुढे. तिच्यावर शाईचा डाग होता.

"मग कट्टी."

केतकीचा हात आपोआप उचलला गेला. इतक्या वर्षांनीही त्या हाताला सवय होती, रांगेत कुणीही समोर आलं की टेकवायची. तिने तो खाली घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"मी घेणार नाही."

"दोघींनी घ्यायची असते," रेवा म्हणाली. "नाहीतर होत नाही."

"माहीत आहे मला."

करंगळी तशीच पुढे राहिली. हात भरून आला, तरी पोरीने तो मागे घेतला नाही, आणि केतकीने आपला मांडीखालून काढला नाही. ऑफिसच्या खिडकीत ऋजुता येऊन उभी राहिली होती. मैदानात पोरी कोंडाळी करून बसल्या होत्या. तिसऱ्या कोंडाळ्यात एक जागा रिकामी होती, आणि एक पोरगी उभी राहून इकडेतिकडे बघत होती.

शेवटी रेवाचा हात दुखला. तिने तो खाली घेतला, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावून तोंडात टाकला. केतकीला विचारलं नाही. दुसरा तुकडा मोडला, तोही खाल्ला.

घंटा व्हायला अजून अठरा मिनिटं होती. केतकी तिथेच बसली.